जन्म १५ ऑगस्टचा, मुक्काम पुणे

मुलगा १५ ऑगस्टला झाला, असे दवाखान्यातून फोनवर कळवले की पलीकडच्या माणसाला दुप्पट आनंद होतो. तो आनंद त्या मुलाला पुढे जन्मभर पुरवून वापरावा लागतो. कळू लागले की त्याला आपल्या तारखेचा अभिमान वाटतो, कमवू लागला की शंका येते आणि तिशी ओलांडली की तो स्वतःला सरळ अभागी समजू लागतो. तो पुण्याचा असेल तर त्याच्या तक्रारीला धारही चढते. सकाळी प्रभातफेरीच्या घोषणांनी जाग येते, घरची मंडळी झेंडावंदनाला गेलेली असतात, मित्र जोडून आलेल्या रजा साधून कोकणात उतरलेले असतात, मद्याची दुकाने सरकारने बंद ठेवलेली असतात आणि दुपारी केक आणायला निघावे तर शहर वामकुक्षीत असते. दिवसभर फोन वाजत राहतो, पण आलेल्या शुभेच्छा देशाला असतात. ही तक्रार शब्दशः खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. पुणे शहरात ज्याचा वाढदिवस रीतसर साजरा होतो असा माणूस एकच, तो १५ ऑगस्टला जन्मलेला. बाकीच्यांचा नुसता उरकला जातो.

वाढदिवसाला लागते काय, याची यादी करून पाहावी. सुट्टी, अंगावर धुतलेले कपडे, काहीतरी गोड, चार माणसे, थोडे गाणे-बजावणे आणि कोणीतरी उभे राहून बोललेले दोन शब्द. आता मार्च महिन्यातला एखादा साधा मंगळवार घ्या. त्या दिवशी जन्मलेल्याला रजा हवी असेल तर कारण लिहून द्यावे लागते, आणि चाळिशीतल्या माणसाने त्या रकान्यात ‘वाढदिवस’ लिहिले की साहेब त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतात. म्हणून तो कामावर जातो. दुपारी चार वाजता वर्गणीतून आणलेला केक कापला जातो आणि अर्धा केक तोंडात व अर्धा गालावर गेल्यावर सगळे पुन्हा संगणकासमोर बसतात. रात्री फर्ग्युसन रस्त्यावरच्या हॉटेलाबाहेर नाव नोंदवून ताटकळणे, की संपला वाढदिवस. उलट १५ ऑगस्टच्या माणसाला भरपगारी सुट्टी सरकार देते. पावणेआठच्या आत सोसायटीतली यच्चयावत माणसे अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून खाली उतरलेली असतात. एरवी लग्नाच्या मुहूर्तालाही हे जमत नाही. ध्वनिक्षेपकावर गाणी लागलेली असतात, कोपऱ्यावर कढई चढवून जिलेबी निघत असते आणि अध्यक्ष हातात कागद घेऊन उभे असतात. दोरी ओढल्यावर पडणाऱ्या पाकळ्या वाऱ्याने कोणाच्या डोक्यावर पडाव्यात, याबद्दल कुठल्याही संहितेत मनाई नाही. योग्य जागी उभे राहण्याचे कौशल्य मात्र ज्याचे त्याने कमवावे. १५ ऑगस्ट रविवारी आला तर सुट्टी बुडते हे मान्य, पण ती सगळ्या देशाची बुडते, आणि एवढ्या माणसांनी मिळून हळहळावे असे भाग्य मंगळवारवाल्याला कुठले?

हे सारे नाशकात किंवा नागपुरातही होते. पुण्याचा मुद्दा वेगळा आहे. जिवंत माणसाचे कौतुक करायला हे शहर मुळातच नाखूष. आधी तुम्ही जावे, मग काही वर्षे तुमच्या कार्यावर वाद व्हावा, आणि त्यातून तरलात तर भिंतीवर निळी पाटी लागावी, असा इथला क्रम आहे. पेठेतल्या ज्या वाड्यात आपला जन्म झाला तिथे आपल्या आधी कोणीतरी फार मोठे माणूस राहून गेलेले असते. ज्या तारखेला जन्म झाला तीही बहुधा कोणाच्या तरी जयंतीने, पुण्यतिथीने किंवा तहाने आधीच व्यापलेली असते. शिवाय इथे जन्मतारीख सांगून भागत नाही, ती सिद्ध करावी लागते. खुद्द शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ चा की फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ चा, यावर विद्वानांच्या पिढ्या झुंजल्या. लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली, तिच्यामुळे दुसऱ्या पक्षाला बळ आले आणि अखेर शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. निकाल लागला, तरी जयंती आजही तारखेने एकदा आणि तिथीने एकदा अशी दोनदा होतेच. जिथे छत्रपतींच्या जन्मतारखेला साक्षीपुरावे द्यावे लागले तिथे विमा एजंटाच्या जन्मतारखेची काय कथा? १५ ऑगस्ट ही तारीख मात्र पुण्यातही कोणी खोडून काढलेली नाही. ज्या शहरात वाद नसलेली तारीख मिळणे हाच मोठा आहेर, तिथे आणखी निराळ्या आहेराची अपेक्षा धरणे हावरटपणाचे आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्वाभिमानाचा. झेंडा माझ्यासाठी फडकत नाही, जिलेबी माझ्यासाठी तळली जात नाही. दुसऱ्याच्या मांडवात आपले लग्न उरकून घेण्यात कसला मान? पण नेहमीचा वाढदिवस तरी कोणासाठी असतो? केक मुलांसाठी असतो, हॉटेल सासुरवाडीच्या सोयीने ठरते, फोटो नातेवाइकांना दाखवण्यासाठी काढतात आणि शुभेच्छा फोनने आठवण करून दिल्यामुळे येतात. उत्सवमूर्तीकडे मेणबत्ती विझवण्याचे काम उरते, तेही भाचा पुढे घुसून आटोपतो. ज्यांच्या वाढदिवसाची खरोखर राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली जाते त्यांची अवस्था तर याहून बिकट. इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स १४ नोव्हेंबर १९४८ चे, म्हणजे तारखेने आपल्या बालदिनाचे मानकरी. पण लंडनचा नोव्हेंबर मिरवणुकीच्या सोयीचा नाही, म्हणून घोडे, बँड आणि तांबडे डगले यांच्यासह त्यांचा सरकारी वाढदिवस जूनमध्ये होतो. नेदरलँड्सच्या राणी बिआट्रिक्स ३१ जानेवारीच्या. तिथल्या त्या थंडीत रस्त्यावर येऊन नाचणार कोण? म्हणून त्यांच्या ३३ वर्षांच्या कारकिर्दीत राणीचा दिवस होत राहिला तो त्यांच्या आईच्या वाढदिवशी, ३० एप्रिलला. म्हणजे मुकुट डोक्यावर असूनही सार्वजनिक थाट हवा असेल तर स्वतःची तारीख सोडावी लागते. आपण राजे घालवले, पण संचलन, सलामी आणि सुट्टी हा राजाच्या वाढदिवसाचा सगळा सरंजाम शिल्लक ठेवला, आणि तो कोणाच्याच नावावर चढवला नाही. प्रजासत्ताकात असा बेवारस थाट त्या दिवशी जन्मलेल्या कोणाही नागरिकाने उचलावा. कोथरूडच्या कारकुनाला तारीख तसूभरही न हलवता जे मिळते ते बकिंगहॅम राजवाड्यात मिळत नाही, आणि हा गृहस्थ केकचे दुकान बंद होते म्हणून कुरकुरतो.

दुसरा आक्षेप मालकीहक्काचा आहे. दिवस माझा होता, देशाने तो घेतला, असा सूर अनेकजण लावतात. त्यांनी देशाला ही तारीख कशी मिळाली ते पाहावे. पंतप्रधान ॲटली यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये जाहीर केले होते की जून १९४८ पर्यंत सत्ता सोडू. माउंटबॅटन आले आणि त्यांनी हे काम दहा महिने अलीकडे ओढले. तारीख म्हणून त्यांना १५ ऑगस्ट आवडली, कारण दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी जपानने शरणागती जाहीर केली होती आणि त्या आघाडीवर ते सरसेनापती होते. ज्योतिष्यांनी हा दिवस अशुभ म्हणून नाके मुरडली, तेव्हा संविधान सभा आदल्या रात्री बसवून मध्यरात्रीचा ठोका साधण्यात आला. महाराष्ट्रातल्या माणसाला यात नवल वाटायला नको. आपल्याकडे जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या निसर्गनियमांना न मानवणारी आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वडिलांना साल अंदाजाने आठवायचे आणि मास्तर वयाचा हिशेब जुळवून दाखल्यावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. नागरिकांची तारीख मास्तरांनी टाकली तशी देशाची व्हाइसरॉयने टाकली. दोन्हीकडे टाकणाऱ्याला स्वतःची सोय दिसत होती. तेव्हा मूळ मालक कोण, हा वाद टिकत नाही. ज्यांचा दावा देशाच्याही आधीचा ते श्री अरविंद १५ ऑगस्ट १८७२ चे. स्वातंत्र्य आले त्या दिवशी त्यांना ७५ वर्षे पूर्ण होत होती. आपला दिवस देशाने घेतला अशी हरकत त्यांनी नोंदवली नाही. हा योगायोग नसून आपल्या कार्यावर उमटलेली दैवी संमतीची मोहोर आहे, असे त्यांनी त्या दिवसाच्या संदेशात सांगितले. तक्रारीचे रूपांतर प्रशस्तिपत्रात कसे करावे याचा हा वस्तुपाठ. ज्यांना हा दिवस मिळाला नाही तेही त्याच्यावर डोळा ठेवून असतात. सलमान रश्दी स्वतः १९ जून १९४७ चे, पण कादंबरीचा नायक जन्माला घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्याला मुंबईत, १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीच्या ठोक्यावर जन्म दिला.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. मोठ्या झाडाखाली लहान झाड वाढत नाही, असे म्हणतात, आणि दाखला देतात लालबहादूर शास्त्रींचा. शास्त्रीजी २ ऑक्टोबर १९०४ चे. दरवर्षी त्या दिवशी नेत्यांच्या गाड्या आधी राजघाटावर जातात आणि मग विजयघाटावर. वर्तमानपत्रात गांधींचे चित्र मोठे, शास्त्रींचे खाली, आणि निबंध लिहिणाऱ्या मुलांना शेवटच्या दोन ओळींत ‘याच दिवशी’ म्हणून त्यांची आठवण होते. पाकिस्तानशी युद्ध लढलेल्या पंतप्रधानाची ही गत, तर सामान्य माणसाने काय करावे? हे खरे आहे, पण दाखला गैरलागू आहे. २ ऑक्टोबरला स्पर्धा माणसाशी माणसाची होते, म्हणून तुलना अटळ ठरते. १५ ऑगस्टला समोर अख्खा देश असतो. त्याच्याशी बरोबरी करावी असे कोणाच्या मनात येत नाही, त्यामुळे कमीपणाही वाटत नाही. आणि माणसांच्याच रांगेत उभे राहायचे असेल तर पुण्यात या तारखेवर पहिला हक्क कोणाचा, हेही ठरलेले आहे. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई आगाखान पॅलेसच्या स्थानबद्धतेत वारले ते १५ ऑगस्ट १९४२ रोजी, तो दिवस स्वातंत्र्यदिन होण्याच्या बरोबर पाच वर्षे आधी. पन्नाशीत गेलेल्या या माणसाची समाधी तिथेच, कस्तुरबांच्या समाधीशेजारी आहे. ज्या शहरात या तारखेचा असाही अर्थ आहे तिथे आपल्याला शुभेच्छा कमी आल्या म्हणून रुसून बसणे शोभत नाही, आणि शोभत नाही हे ज्याला कळते त्याचा वाढदिवस इतरांपेक्षा थोडा शहाणपणाने पार पडतो.

चौथा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो. अशा माणसाला देशाचा उत्सव आपलाच वाटू लागला तर? पुण्यात ही भीती काल्पनिक नाही. चौकातला फ्लेक्स बघावा. वरच्या ओळीत राष्ट्रपुरुष पोस्टाच्या तिकिटाएवढे, मध्यभागी गॉगल लावून फोनवर बोलणारे भाऊ पूर्णाकृती, खाली शुभेच्छुकांचे चेहरे दाटीवाटीने, आणि तिरंग्याच्या पट्ट्यांवर स्वातंत्र्यदिनाच्या व भाऊंच्या अभीष्टचिंतनाच्या शुभेच्छा एकाच वाक्यात. स्वातंत्र्य भाऊंमुळे मिळाले की भाऊ स्वातंत्र्यामुळे, हे वाचणाऱ्याने ठरवावे. पण हा दोष तारखेचा नाही, फ्लेक्सचा आहे. २३ मार्चला किंवा ६ डिसेंबरला जन्मलेला भाऊही हेच करतो. खरा बेलगाम वाढदिवस बघायचा असेल तर तो साध्या तारखांना बघावा. रात्री बारा वाजता रस्त्यात दुचाकीच्या सीटवर केक मांडायचा आणि तो तलवारीने कापायचा, ही नवी रीत इतकी फोफावली की पोलिसांना शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवावे लागले. ज्या शनिवारवाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांचे निशाण चढले त्याच्या आसपासच्या पेठांत दोनशे वर्षांनी तलवारीला काम मिळाले ते व्हॅनिला कापण्याचे. १४ ऑगस्टच्या रात्री हे जमत नाही. नाक्यानाक्यावर बंदोबस्त असतो आणि त्या रात्री तलवार घेऊन उभा राहिलेल्याला पोलीस शिवभक्त समजण्याची शक्यता कमी. राष्ट्रीय सण वाढदिवसाला लगाम घालतो, आणि पुण्यातल्या वाढदिवसांना आज सर्वात जास्त गरज लगामाचीच आहे.

उरले व्यावहारिक आक्षेप, आणि अस्सल पुणेकराला तेवढेच खरे वाटतात. दारूची दुकाने बंद असतात हे संकट म्हणून सांगितले जाते. वास्तविक हे सरकारने दिलेले अनुदान आहे. इतर तारखांचे लोक पार्टी कधी, या प्रश्नाला तोंड देता देता कर्जबाजारी होतात; १५ ऑगस्टवाला हात वर करून कायद्याकडे बोट दाखवतो, आणि कायद्यामुळे खर्च वाचल्याचे दुःख चेहऱ्यावर आणतो. त्यातून १५ ऑगस्ट बहुतेक वर्षी श्रावणात येतो, त्यामुळे मटणाचा आग्रहही परस्पर मिटतो. अंड्याचा केक निम्मे घर खात नाही, तेव्हा जिलेबीवर एकमत होते, आणि तिचे पैसे अनेकदा सोसायटीच्या निधीतून गेलेले असतात. पाहुणे येत नाहीत म्हणावे, तर ते सकाळीच सिंहगडाकडे निघालेले असतात. तानाजी मालुसरे एका रात्रीत गड चढले आणि जिंकलेही. स्वातंत्र्यदिनी दुचाक्यांच्या गर्दीतून चारचाकीला पायथा गाठायलाही तेवढाच वेळ लागतो. घाटात अडकलेला पाहुणा जेवायला येऊ शकत नाही, यात यजमानाचा दोष नाही. इतके करूनही स्वतःचा स्वतंत्र दिवस हवाच असेल तर मराठी माणसाला तिथी आहे. आईने त्या दिवशी औक्षण करावे, पुरण घालावे, देशाला कळूही नये. फक्त देशाने स्वतः हा मार्ग धरला नाही हे बरे झाले. १५ ऑगस्ट १९४७ ला अधिक श्रावणातली वद्य चतुर्दशी होती. अधिक श्रावण दरवर्षी येत नाही; २००४ नंतर तो आला तो थेट २०२३ साली. कर्मठपणे तिथी पाळली असती तर स्वातंत्र्यदिनासाठी कधीकधी १९ वर्षे थांबावे लागले असते. तारखेने कमी वाढदिवस मिळालेले एक गृहस्थ आपल्या परिचयाचे आहेत. मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ चे. वयाच्या ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या खात्यावर तारखेचे वाढदिवस जमले होते अवघे १९. मुंबई राज्यात दारूबंदीचा आग्रह धरणारा माणूस हाच, हे लक्षात घेतले तर बंद दुकानाकडे बघून उसासे टाकणाऱ्याने दरवर्षी न चुकता येणाऱ्या आपल्या तारखेबद्दल आभारच मानावेत.

तेव्हा या शहराने आपल्या मर्यादित सहानुभूतीचे फेरवाटप करावे. १५ ऑगस्टवाल्याला दिलेली सगळी काढून १६ ऑगस्टवाल्याला द्यावी. त्याने रजा मागितली की साहेब म्हणतात, कालच तर सुट्टी झाली. मित्र कोकणातून परतलेले असतात, पण झोपलेले असतात. दुकाने उघडी असतात, पण महिना निम्मा संपून खिसा बंद झालेला असतो. घरात गोड म्हणून कालची जिलेबी असते, आणि शिळ्या जिलेबीला धार लावली तर तिनेही केक कापता येईल. सोसायटीची मंडळी त्याच्याही वाढदिवशी खाली उतरतात, पण आदल्या दिवशी पडलेले कागदी झेंडे गोळा करायला, आणि पहिली पिशवी त्याच्याच हातात देतात. शुभेच्छा देणारा आधी विचारतो, ‘काल होता ना तुझा?’ त्याच्या बाजूने एखादा लेख कोणीतरी लिहायला हवा. तो मी लिहिणार नाही, कारण हरणारा खटला घेऊ नये एवढे पुण्यात राहून कळते.